ठाण्याचा किल्ला मोकळा करायचा तर आतलं जेल न्यायचं कुठे?

खाडीकाठचा
ठाणेकरांना नवीन काही सांगत नाहीये, बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी जिंकला, १७७४ संपता संपता इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचं जेल केलं, ते आजतागायत जेलच आहे. क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला इथेच फाशी दिली. एवढा इतिहास गावाच्या मधोमध आणि आम्हाला बाहेरून भिंत बघण्यापलीकडे काही नाही, आत जाऊन बघायची सोयच नाही.

अधिकृत जागा ११०५ जणांची, कोंबलेत चार हजारांच्या आसपास. त्यामुळे जेल बाहेर हलवा, नवीन आधुनिक बांधा आणि किल्ल्याचं स्मारक करा ही मागणी जुनीच आहे आणि मी पण त्याच बाजूचा. पण परवा कट्ट्यावर एकाने विचारलं की बाबा हलवा म्हणजे कुठे आणि आधुनिक म्हणजे काय, एसी का? तर कोणालाच धड सांगता येईना. म्हणून इथे विचारतोय. वकील आहेत, इंजिनियर आहेत, बाहेरगावचे आहेत. नवीन जेल कुठे असावं आणि कसं असावं? पक्षीय धुणी इथे नकोत प्लीज.

मिसळवाला
आत जाऊन बघायची सोय आहे की. एंट्री फ्री. एक्झिटचं तेवढं कोर्ट ठरवतं.

घोडबंदर_ग्रस्त
कुठेही न्या फक्त घोडबंदर रोडला नको. कैद्यांना घेऊन निघालेली गाडी सकाळच्या तारखेला संध्याकाळी पोचेल.

कोर्टकचेरी
घोडबंदर_ग्रस्त गमतीत लिहून गेले पण खरा मुद्दा तोच आहे. मी ठाणे-कल्याण कोर्टात प्रॅक्टिस करते, क्रिमिनल साईड. जेल कुठे बांधायचं याचं उत्तर शोधताना लोक जमीन कुठे स्वस्त मिळेल ते बघतात. बघायला पाहिजे कोर्ट कुठे आहे ते.

आत्ता ठाणे जेलपासून कोर्ट नाका चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तरीसुद्धा कितीतरी तारखांना आरोपी हजर होत नाही, कारण पोलीस पार्टी मिळत नाही. पार्टी म्हणजे कैद्याला जेलमधून कोर्टात नेऊन परत आणणारे पोलीस. गणपती, निवडणूक, व्हीआयपी दौरा, मॅच, काहीही असलं की सगळ्यात आधी पार्टी कापतात. आरोपी आला नाही की चार्ज फ्रेम (आरोप निश्चित) होत नाही, साक्षीदार परत जातो, पुढची तारीख पडते. तो माणूस तेवढे दिवस जास्त आत राहतो आणि तुमचं जेल तेवढं जास्त भरतं. आता हेच जेल ३० किलोमीटर लांब न्या आणि काय होईल बघा.

व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, आहे असं कोणीतरी म्हणेलच. आहे. नुसत्या रिमांडच्या तारखेला ठीक आहे. साक्ष चालू असताना आरोपीला वकिलाच्या कानात काही सांगायचं असेल तर व्हीसीवर कसं सांगणार? आणि शंभरेक जणांच्या तारखा आणि व्हीसीच्या खोल्या दोन-चार, म्हणजे आपला नंबर लागेपर्यंत तिकडे कोर्ट उठतं.

ढब्बू मिरची
मला एक कळत नाही, गुन्हेगारांसाठी एवढी चर्चा कशाला? सामान्य माणसाला वन रूम किचन परवडत नाही आणि आपण टॅक्स भरून यांना मोकळी हवा, फोन, टीव्ही देणार. जेल जेलसारखं असावं. त्रास झाला नाही तर धाक कसला.

कोर्टकचेरी
ढब्बू मिरची, आत असलेल्यांपैकी गुन्हेगार किती ते आधी बघा. एनसीआरबीचा (केंद्राचं गुन्हे नोंद कार्यालय) २०२२ चा आकडा: देशभरात ५ लाख ७३ हजार कैदी, त्यातले ४ लाख ३४ हजार अंडरट्रायल, म्हणजे पाऊणशे टक्क्यांच्या वर. यांचा गुन्हा अजून शाबित झालेला नाही. त्यातले बरेच उद्या निर्दोष सुटणार, तेव्हा त्यांना भोगायला लावलेला त्रास परत घ्यायची काही तरतूद आहे का तुमच्याकडे? आणि एकूण जागा होती ४ लाख ३६ हजारांची.

ढब्बू मिरची
म्हणजे सगळे निर्दोष? घरफोडी झालीये आमच्याकडे, सापडलेला पोरगा महिन्याभरात बाहेर आला आणि परत त्याच बिल्डिंगमध्ये फिरत होता. तुमच्या आकड्यांनी आमचे दागिने परत येत नाहीत.

खाडीकाठचा
राग समजतो, पण ढब्बू, तो पोरगा आत जाऊन आणखी मोठा चोर होऊन बाहेर आला तर तुमच्या बिल्डिंगला जास्तच ताप ना? चार हजार जणांत पहिल्यांदा सापडलेला पोरगा आणि मुरलेला माणूस शेजारी शेजारी झोपतात, जागाच नाही तर वेगळं ठेवणार कुठे.

डॉ. खोकला
वाचतोय. एकच भर घालतो. टीबीला खटला चालू आहे की शिक्षा झालीये ते कळत नाही. एका बराकीत ठरल्यापेक्षा तिप्पट-चौपट माणसं, डोक्याला पाय लावून झोपलेली, खिडक्या उंच आणि लहान, पावसाळ्यात ओले कपडे आतच वाळत टाकलेले. एकाला खरूज झाली की बराक खाजवत बसते. आणि ही माणसं जामिनावर सुटतात, लोकलने घरी जातात. रोज ये-जा करणारा स्टाफ आहे, त्यांची मुलं तुमच्या मुलांच्या शाळेत आहेत. आत येणाऱ्या प्रत्येकाची पहिल्या दिवशी तपासणी आणि संशयिताला वेगळं ठेवायला काही खोल्या, नवीन जेलमध्ये मी सगळ्यात आधी हे मागेन. टीव्ही नाही दिलात तरी चालेल.

बांधकाम खात्यातला (रिटायर)
या विषयावर कधी लिहायला मिळेल असं वाटलं नव्हतं. नोकरीत एका जेलच्या वाढीव कामावर होतो, जिल्हा सांगत नाही. आधुनिक म्हणजे काय याचं उत्तर आमच्या भाषेत देतो, थोडं लांबेल.

लोकांना वाटतं आधुनिक म्हणजे सीसीटीव्ही आणि मोबाईल बंद पाडणारे जॅमर. माझ्या मते आधुनिक म्हणजे पाईप. हसू नका. जुन्या बराकीत संडास नंतर कुठेतरी कोपऱ्यात ठोकलेले असतात, पाण्याची लाईन भिंतीवरून उघडी फिरवलेली. तुंबलं की प्लंबर आत पाठवायचा, म्हणजे बराक रिकामी करायची, प्लंबरची झडती, त्याच्या पिशवीतली हत्यारं मोजून आत आणि मोजून बाहेर. एका तुंबलेल्या ट्रॅपसाठी अर्धा दिवस. मग तो ट्रॅप तसाच तुंबलेला राहतो. नवीन बांधताना सगळे पाईप बराकीच्या मागे बंद डक्टमध्ये घ्यायचे, त्याला दार बाहेरच्या बाजूने. दुरुस्ती करणारा कैद्यांच्यात जायची गरजच नाही. उघडा पाईप नाही म्हणजे तोडून हत्यार करायलाही नाही आणि लटकून जीव द्यायलाही नाही. पंख्याचे हूक, खिडकीचे आडवे गज, नळाची मान, सगळं याच नजरेने बघावं लागतं. आमच्या ड्रॉइंगमध्ये टॉवेल अडकवायच्या खुंट्या होत्या, त्यासुद्धा काढायला लावल्या तिथल्या अनुभवी जेलरसाहेबांनी, ते ड्रॉइंग बघायचे तेव्हा पेन्सिल घेऊन प्रत्येक टोकदार गोष्टीवर फुली मारत जायचे.

दुसरं, मोठी बराक बांधायचीच नाही. शंभर जणांच्या हॉलमध्ये रात्री काय चालतं ते बाहेरच्या एका शिपायाला दिसत नाही, तिथे राज्य आतल्या दादाचं असतं. लहान खोल्या, प्रत्येक विभागाला स्वतःचं अंगण, स्वतःचं पाणी. एका ठिकाणी भांडण झालं तर तेवढंच बंद करता येतं.

तिसरं, स्टाफ क्वार्टर. हे एस्टिमेटमध्ये सगळ्यात शेवटी असतं आणि पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कापलं जातं. मग शिपाई दोन-दोन तास प्रवास करून डबल ड्युटी करतो आणि आपण म्हणतो जेलमध्ये मोबाईल जातातच कसे.

बहुमजली जेलबद्दल विचाराल तर माझा विरोध नाही पण भीती आहे. मुंबईत जागा नाही म्हणून ते बोललं जातं. पण लिफ्ट बंद पडली, आग लागली, तर कुलूपबंद माणसं खाली आणायची कशी याचा आराखडा आधी दाखवा, मग मजले चढवा.

मिसळवाला
काका, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्या सोसायटीचं प्लंबिंग जेलच्या स्टँडर्डचं करून घ्यावं असं वाटतंय. आमच्याकडेही ट्रॅप तुंबला की अर्धा दिवस जातो, सेक्रेटरी सापडत नाही.

शेजारीण
जॅमरवरून आठवलं. आम्ही एका जेलला लागून राहायचो (ठाणं नाही). तिकडे जॅमर लावले आणि आमचे फोन गेले, आत मात्र म्हणे जोरात चालू. जुने जॅमर नवीन नेटवर्क अडवत नाहीत असं पेपरात आलं होतं. गॅलरीत एका ठराविक कोपऱ्यात उभं राहिलं की रेंज यायची, पाहुणे आले की त्यांना आधी तो कोपरा दाखवायचा.

इतिहासवेडा
अवांतर, पण ठाण्याच्या धाग्यावर हे नाही लिहिलं तर पाप लागेल. याच किल्ल्यातून १८१६ च्या सप्टेंबरात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे पळाले. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खून प्रकरणात इंग्रजांनी पेशव्यांकडून त्यांना मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहारा मुद्दाम सगळा गोऱ्या शिपायांचा, म्हणजे कोणी फितूर व्हायला नको. तर एक मराठा मोतद्दार खाली घोडा धुता धुता, खरारा करता करता गाणी म्हणायचा, आणि त्या गाण्यांत निरोप असायचे की माणसं कुठे थांबलीत, घोडे कुठे आहेत. वर त्रिंबकजी ऐकतायत, मधे गोरा शिपाई उभा, त्याला मराठीचा गंध नाही. एका पावसाळी रात्री त्रिंबकजी पसार. इंग्रजांनीच हे नंतर लिहून ठेवलंय.

आता सांगा, सगळ्यात कडक बंदोबस्त कशाने फुटला? पहारेकऱ्याला आतल्या माणसांची भाषा कळत नव्हती म्हणून.

मिसळवाला
त्या मोतद्दाराच्या गाण्याला जॅमर नव्हता.

पेडणेकार
गोव्यातून नमस्कार. तुम्ही जे करू म्हणताय ते आमच्याकडे होऊन गेलं रे. आग्वादचा किल्ला, खाली समुद्राला लागून जेल. पोर्तुगीजांनी त्यात गोवा मुक्तीवाल्यांना डांबलं, टी. बी. कुन्हा तिथे होते, नंतर त्यांना पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं. मुक्तीनंतर आमच्या सरकारने पण तेच जेल चालवलं की कितीतरी वर्षं! शेवटी २०१५ मध्ये कैदी कोलवाळच्या नवीन जेलात हलवले आणि आग्वादचं डागडुजी करून २०२१ च्या डिसेंबरात संग्रहालय उघडलं. ते छान झालंय, येऊन बघा, फक्त मे महिन्यात दुपारी येऊ नका.

पण कोलवाळचं काय? इमारत नवी, जागा भरपूर, म्हापसा जवळ. तरीही झडतीत मोबाईल सापडले, ड्रग्स सापडले, मारामारी झाली, या बातम्या काही थांबल्या नाहीत. कारण भिंत नवी, माणसं जुनी, नियम त्याहून जुने. स्मारकाचं काम सोपं असतं हो, त्याला उद्घाटन असतं. जेलाचं उद्घाटन झाल्यावर परत कोण बघायला जातं?

खाडीकाठचा
पेडणेकार, हे उदाहरण माझ्या डोक्यातच नव्हतं, अगदी आमच्यासारखीच केस. म्हणजे किल्ला मोकळा होऊ शकतो हे तरी सिद्ध झालं.

भाग्यनगरी
खाडीकाठचा, हुरळून जाऊ नका, आता आमच्या तेलंगणाची गोष्ट ऐका. (हैदराबादला आहे, मूळ नांदेड.) वरंगलचं मध्यवर्ती जेल इंग्रज-निजाम काळातलं, शहराच्या मधोमध मोक्याची जागा. २०२१ मध्ये ठरलं की तिथे मोठं सुपरस्पेशालिटी हॉस्पिटल बांधायचं आणि जेलसाठी मामनूरला जागा. हॉस्पिटल चांगली गोष्ट आहे, वाद नाही. पण नवीन जेल बांधून व्हायच्या आधीच कैदी राज्यातल्या इतर जेलांत वाटून टाकले आणि जुनं जमीनदोस्त. वरंगलच्या माणसाचे घरचे भेटायला कुठे जाणार? चेर्लापल्लीला, म्हणजे हैदराबादला. तर तुमच्या मागणीत एक ओळ ठळक लिहा: नवीन चालू झाल्याशिवाय जुन्याची वीटही हलवायची नाही.

जर्सीकर
कोर्टकचेरी यांच्या मुद्द्याला इकडून दुजोरा. न्यूयॉर्कचं रायकर्स आयलंड जेल १९३२ पासून एका बेटावर आहे, जायला एकच पूल. कोर्टापासून लांब, घरच्यांपासून लांब, वकील तिथे जायला कंटाळतात. आतल्या मारहाणीच्या, मृत्यूंच्या इतक्या भानगडी झाल्या की २०१९ मध्ये सिटी कौन्सिलने ठरवलं, हे बंद करायचं आणि त्याऐवजी चार भागांत कोर्टांच्या जवळ चार लहान जेलं बांधायची. म्हणजे तुम्ही शहरातून बाहेर न्यायचं म्हणताय आणि ते बाहेरून शहरात आणतायत.

झालं का? कायद्याने ऑगस्ट २०२७ ची मुदत आहे पण काम मागे पडलंय, खर्चाचा अंदाज सुरुवातीला ८ अब्ज डॉलरच्या वर होता तो पुढे फार फुगला, आणि चायनाटाऊनमधल्या रहिवाशांनी आमच्या गल्लीत जेल नको म्हणून मोर्चे काढले.

घोडबंदर_ग्रस्त
म्हणजे आम्ही एकटे नाही. चायनाटाऊनवाल्यांना आमच्याकडून पाठिंबा.

शेवंती
मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही, पण आज लिहिते. माझा भाचा आत आहे. कुठल्या जेलमध्ये ते लिहीत नाही. मारामारीची केस आहे, तो होता की नव्हता ते कोर्ट ठरवेल, मी त्याची बाजू मांडायला आलेली नाही.

मुलाकातीला माझी बहीण जाते, कधी मी सोबत जाते. पहाटे निघतो. आधी नाव लावायचं, आधारची झेरॉक्स, मग फूटपाथवर बसायचं, सावली नाही, संडास नाही. बाया पाणी पीत नाहीत जायला लागेल म्हणून. कपड्यांची पिशवी दाखवायची, त्यातलं काय घेतील काय परत देतील सांगता येत नाही, एकदा स्वेटर घेतला आणि नाडी आहे म्हणून पायजमा परत दिला, ते बरोबरच असेल त्यांचं. मग नाव पुकारलं की काचेच्या पलीकडे तो आणि अलीकडे आपण, मधे फोन. त्या फोनच्या वायरला चिकटपट्टी गुंडाळलेली, हलवली की आवाज जातो. शेजारच्या फोनवर दुसरी बाई रडत असते तिचंच जास्त ऐकू येतं. बहीण दरवेळी जेवलास का विचारते आणि तो हो म्हणतो, मग वेळ संपते. तिचा दिवसाचा खाडा होतो, चार घरची कामं आहेत तिची.

हल्ली आतून फोन करता येतो कार्डावर, त्याने फार बरं झालंय खरंच. पण जेल आणखी लांब नेलं तर बहीण महिन्यातून एकदा पण नाही जाऊ शकणार. तुम्ही लोक पाईप आणि जॅमर लिहिताय ते पण पाहिजे, पण बाहेर बसायला एक शेड आणि दोन संडास बांधा, त्याला काही आधुनिक लागत नाही. जामीन झालाय त्याचा दोन महिन्यांपूर्वी. जामीनदार मिळत नाही म्हणून आत आहे.

कोर्टकचेरी
शेवंतीताई, जामीन होऊन दोन महिने? तुम्हाला वेगळं लिहिते सविस्तर.

ढब्बू मिरची
शेवंती, वाईट वाटलं वाचून. माझं मत बदललं असं नाही पण बाहेर रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईने काय केलंय, हे मान्य. शेड आणि संडास तर उद्या बांधा, त्याला नवीन जेल कशाला पाहिजे.

नाशिकची मिरची
ढब्बूशी पहिल्यांदा सहमत होतेय, तारीख लिहून ठेवा. आमच्या नाशिकरोड जेलच्या गणपतीच्या मूर्ती बघितल्यात का कोणी? कैदी बनवतात, दरवर्षी विक्री असते. आमच्याकडे एक वर्ष तोच आणला होता. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग विसर्जनाला सगळ्यात जास्त त्याच रडल्या. तर मुद्दा असा की नवीन जेलमध्ये कारखान्याला, शेडला चांगली जागा ठेवा. कच्च्या कैद्यांना (खटला चालू असलेल्यांना) काम नसतं, दिवसभर नुसतं बसून माणूस दुसरं काय शिकणार.

डॉ. खोकला
महिला विभागाचं कोणी बोललं नाही. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर आत राहू शकतात. त्यांच्यासाठी पाळणाघर, खेळायला जागा, बालवाडीची बाई. नकाशात ही जागा असते, पण पाच वर्षांनी तिथे जुन्या फायली आणि मोडके पंखे निघतात.

बांधकाम खात्यातला (रिटायर)
डॉक्टर, पंख्यांवर सही माझीच असेल कदाचित :) पण खरं आहे. आणि नाशिकच्या ताईंचा वर्कशॉपचा मुद्दा बरोबर. येरवडा १८७१ चं आहे, पण तिथे आवार मोठं असल्यामुळे कारखाने, शेती, खुलं जेल सगळं बसलं. जुनं म्हणजे वाईटच असं नाही. ठाण्याला अडचण अशी की चारी बाजूंनी शहर आवळलेलं आणि आत किल्ल्याच्या भिंती, त्यांना हात लावायचा नाही. एक नवीन बराक बांधायची तर पाया खणताना काय निघेल सांगता येत नाही.

मिसळवाला
त्रिंबकजींची दोरी निघेल.

अर्धा_ग्लास
सगळ्यांचं वाचलं. मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. तळोजा जेल २००८ ला सुरू झालं, दोन हजारांवर जागा. तेव्हा काय अपेक्षा होती? आर्थर रोड आणि ठाण्याचा भार हलका होईल. आज आर्थर रोड १९२६ चं, हजारभर जागेत तीन हजार. कल्याणचं आधारवाडी ५४० च्या जागेत दोन हजारांच्या घरात. आणि तळोजाही भरलं. राज्यात २७ हजारांच्या आसपास जागेत ४० हजारांच्या वर माणसं. नवीन जेल बांधलं की ते भरतं, नवीन फ्लायओव्हरसारखं. ११०५ ऐवजी चार हजारांचं बांधाल तर दहा वर्षांत त्यात आठ हजार असतील आणि आपण हाच धागा परत काढू.

कोर्टकचेरी
अर्धा_ग्लास, निम्मं पटतं. भरती कमी करायची साधनं कायद्यात आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ बघा: पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला माणूस कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला सोडायचं, बाकीच्यांना अर्धा काळ. जन्मठेप-फाशीची कलमं सोडून, आणि एकापेक्षा जास्त केसेस असतील तर नाही. तुरुंग अधीक्षकाने स्वतः कोर्टाला लिहायचं आहे. सुप्रीम कोर्टाने ते जुन्या केसेसनाही लावलं.

पण न पटणारं निम्मं असं की आज जे चार हजार त्या किल्ल्यात झोपतायत त्यांना तुम्ही काय सांगणार, की बाबांनो कायदा सुधारेपर्यंत थांबा? दोन्ही लागेल.

शेजारीण
या सगळ्यात मला आर्थर रोडची १२ नंबरची बराक आठवते. विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या वेळी लंडनच्या कोर्टाने विचारलं, बराकीत नैसर्गिक उजेड येतो का, हवा येते का, व्हिडिओ दाखवा. मग आपल्याकडून व्हिडिओ काढून पाठवला, २०१८ मध्ये कोर्टाचं समाधान झालं. मल्ल्या अजून लंडनलाच. पण त्या निमित्ताने एका बराकीत ऊन येतं का हे कोणीतरी जाऊन बघितलं! प्रत्येक बराकीसाठी एक लंडनचं कोर्ट पाहिजे.

ढब्बू मिरची
हे बाकी भारी.

खाडीकाठचा
एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मला जे कळलं ते लिहितो, कोणाला पटेल न पटेल.

एक म्हणजे नवीन एकच अवाढव्य जेल लांब कुठेतरी माळावर नको. ज्यांचे खटले चालू आहेत त्यांच्यासाठी ठाणे आणि कल्याण कोर्टांच्या जवळ लहान जेलं, आणि शिक्षा झालेल्यांना लांब चालेल, त्यांना रोजच्या तारखा नसतात. तिथे मोकळी जागा, कारखाना, सगळं करा. किल्ल्याबद्दल माझा हट्ट कायम आहे, पण भाग्यनगरी म्हणतात तसं, नवीन चालू झाल्यावरच. आणि स्मारकाच्या बजेटआधी क्वार्टर आणि पाईप.

अर्धा_ग्लास
कोर्टाच्या जवळ लहान जेल म्हणजे ठाण्यात जागा शोधणं आलं. ठाण्यात जागा आहे का? जिथे असेल तिथे टॉवरचा बोर्ड आधीच लागलेला असेल. जेलच्या भोवती उंच बांधकामावर निर्बंध येतात, त्यामुळे बिल्डर लॉबी जेल शेजारी येऊ देणार नाही. शेवटी माळच.

खाडीकाठचा
हो, याला उत्तर नाहीये माझ्याकडे. सरकारी जमिनी आहेत, पण त्या कोणाच्या घशात जातात ते आपण बघतोच. (राजकारण नको म्हणणाराच मी!)

पेडणेकार
माळावर नेलंत तर निदान बसची फेरी मंजूर करून घ्या, जेलाच्या गेटपर्यंत. आराखड्यात लिहून. नंतर कोणी देत नाही.

शेवंती
बसचं खरंच लिहा कोणीतरी.

कोर्टकचेरी
शेवंतीताई, तुम्हाला वेगळं लिहिलंय, पण इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथेही टाकते. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायची का ते बघू शकतं. हे सुप्रीम कोर्टाचं ३१ जानेवारी २०२३ चं सांगणं आहे. शिवाय केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, त्यात कच्च्या कैद्याला जामिनाच्या रकमेसाठी मदत मिळू शकते, काही गुन्हे सोडून. प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, वकील फुकट मिळतो.

शेवंती
उद्या बहिणीला घेऊन जाते. काय काय कागद न्यायचे?

कोर्टकचेरी
जामिनाच्या ऑर्डरची प्रत, केस नंबर, बहिणीचं आधार आणि रेशनकार्ड. ऑर्डर नसेल तर नुसता केस नंबर घेऊन या, वेबसाईटवरून काढता येते. अकराच्या आत या, नंतर सगळे कोर्टात वर जातात आणि खाली कोणी भेटत नाही.